नागपूर ते मुंबई : तिकिटावरचा दीड तास आणि अंगावरचे साडेसहा तास

"पोरीले इमानानं नेऊ का नको, तेवढं सांगा न ताई. वरती हवाच नसते म्हणतेत."

उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत, रविवारी विहारात रक्तदाब आणि साखरेची तपासणी चालू असताना एका आईने आम्हाला हा प्रश्न विचारला. मुलगी सोळा वर्षांची, दहावी झालेली, सिकलसेलची 'एसएस' रुग्ण. परळच्या एका मोठ्या रुग्णालयात तिला दाखवायचे होते. धाकट्या भावाचा बोन मॅरो तिच्याशी जुळतो असा अहवाल आला होता आणि प्रत्यारोपण करावे की नाही, यावर तिथल्या डॉक्टरांचे मत घ्यायचे होते. मुलीचा मामा कल्याणला राहतो. त्याने मायलेकींची विमानाची तिकिटे काढून मोबाइलवर पाठवली होती. फोनच्या पडद्यावर दोनच आकडे दिसत होते : अंतर सुमारे ६८० किलोमीटर, वेळ १ तास ३५ मिनिटे.

मामाचे म्हणणे, दीड तासाचा तर प्रश्न आहे, झोपेतही निघून जाईल. शेजारच्या आजीचे म्हणणे, सिकलवाल्याला उंचावर नेले की रक्त गोठते. आई या दोघांच्या मधे उभी होती.

दोघांचेही अर्धे खरे होते. आमच्यातल्या दोघांना त्याच आठवड्यात मुंबईला जायचे होते, म्हणून आम्ही त्याच विमानाचे तिकीट काढले. आमच्यातल्या एक ताई सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या आहेत, त्यामुळे आईलाही धीर आला. निघताना आम्ही एक वही घेतली आणि घराच्या उंबरठ्यापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत प्रत्येक टप्प्याची वेळ लिहून काढली. या महिन्याचे आरोग्याचे पान त्या वहीतूनच लिहिले आहे.

६८० किलोमीटर कुठून आले

आधी अंतराचे पाहू. नागपूरहून मुंबईला रेल्वेने गेलो तर रूळ ८३७ किलोमीटरचा आहे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, तोही मुंबईच्या बाहेर, भिवंडीजवळ आमण्याला संपतो. फोनवरचे ६८० हे सोनेगावच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळापासून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळापर्यंत ताणून धरलेल्या दोरीचे अंतर आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे ती दोरी पृथ्वीच्या पाठीवरून किंचित वळते, इतकेच. घाट, नद्या, भुसावळ, इगतपुरी काही मधे येत नाही.

पण विमानही त्या दोरीवरून नेमके जात नाही. वारा ज्या बाजूने असेल तिकडे तोंड करून ते धावपट्टीवरून उडते, मग वळण घेऊन ठरलेल्या हवाई मार्गाला लागते. मुंबईजवळ आले की रांगेत थांबते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. सकाळच्या गर्दीत विमाने वरच गोल गोल फिरत राहतात. हिवाळ्यात वरच्या थरातला वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, त्यामुळे मुंबईकडे जाताना विमानाला समोरून वारा लागतो आणि परत येताना तोच वारा पाठीवर हात ठेवतो. म्हणून जायच्या आणि यायच्या तिकिटावर पाच-दहा मिनिटांचा फरक दिसला तर ती चूक नसते.

जेट विमान वर पोचल्यावर ताशी ८०० किलोमीटरहून जास्त वेगाने जाते. त्या हिशेबाने ६८० किलोमीटरला तासही लागायला नको. पण चढण्यात आणि उतरण्यात निम्मा प्रवास जातो. शिवाय तिकिटावरची वेळ ही चाके हवेत असण्याची वेळ नसते. विमान नागपूरच्या जागेवरून हलल्यापासून मुंबईच्या जागेवर उभे राहीपर्यंतचा तो काळ असतो, आणि त्यात कंपन्या थोडी मोकळीक धरून ठेवतात.

आता आमची वही पाहा. विमान सकाळी ८.४० चे. मुलगी पहाटे ४ ला उठली. ५.५० ला ऑटोत बसलो. मेट्रोचे एअरपोर्ट स्टेशन आहे, पण ते वर्धा रोडवर. तिथून विमानतळाच्या दारापर्यंत सामान घेऊन पुन्हा वाहन पाहावे लागते, म्हणून ऑटोच घेतला. ६.३० ला दारात ओळखपत्र दाखवले. सामान देणे, तपासणी, रांग, बसणे यात दोन तास गेले. ८.४५ ला विमान जागेवरून हलले, ८.५८ ला चाकांनी जमीन सोडली. १०.१२ ला मुंबईत टेकले आणि १०.२५ ला दार उघडले. पट्ट्यावरून बॅग यायला पंचवीस मिनिटे लागली. ११ ला टॅक्सीत बसलो आणि १२.१० ला परळला रुग्णालयाच्या दारात उतरलो.

हवेत सव्वा तास. तिकिटावर १ तास ३५ मिनिटे. घर ते दवाखाना ६ तास २० मिनिटे, आणि जाग आल्यापासून मोजले तर आठ तासांहून जास्त. आजारी माणसाच्या अंगावरून हा शेवटचा आकडा जातो. फोन तो दाखवत नाही.

वर हवा असते, पण विरळ

आजीच्या बोलण्यात खरे काय होते, ते सांगतो. विमान तीस-पस्तीस हजार फुटांवरून जाते. बाहेर उणे पन्नास अंशांच्या आसपास थंडी असते आणि त्या हवेत माणूस शुद्धीवर राहू शकत नाही. म्हणून विमानाच्या आत हवा दाबून भरलेली असते. मात्र ती जमिनीवरच्याइतकी दाबलेली नसते. आतला दाब फार तर ८,००० फूट, म्हणजे सुमारे २,४४० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तितका खाली येऊ देतात. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या वर थोडेसेच आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या आपण कळसूबाईच्या जवळपास दीडपट उंचीवर जाऊन येतो, तेही न चालता, न दम घेता, वीस-पंचवीस मिनिटांत.

त्या हवेतही प्राणवायूचा वाटा तोच, शंभरात एकवीस. पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांश झालेला असतो, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. धडधाकट माणसाला हे जाणवतसुद्धा नाही. कोरोनाच्या वेळी घरोघरी बोटाला लावायची जी चिमटी आली, ती आम्ही सोबत नेली होती. नागपूरच्या बाकावर आमचे आकडे ९८ आणि ९७ होते, मुलीचा ९६. वर गेल्यावर आमचे ९४ आणि ९३ झाले, तिचा ९२. जमिनीवर उतरताच सगळ्यांचे पूर्ववत. (बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर चिमटी चुकीचा आकडा दाखवते. आईच्या बोटावर तिने ८५ दाखवून आमचीच धांदल उडवली होती.)

सिकलसेलच्या रुग्णाला हे महत्त्वाचे का, हे आपल्या विदर्भात तरी फार सांगावे लागू नये, पण थोडक्यात सांगतो. 'एस' प्रकारच्या हिमोग्लोबिनला प्राणवायू कमी पडला, की लाल पेशी गोल राहत नाही, विळ्यासारखी वाकते आणि ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढे रक्त जात नाही आणि हाडे, सांधे, छाती, पोट दुखू लागते. अंगातले पाणी कमी झाले, थंडी वाजली, ताप आला, जागरण किंवा दमणूक झाली, तरी हेच होते. रक्त 'गोठत' नाही, अडते. आजीचा शब्द चुकला, भीती चुकली नव्हती.

तरी उत्तर 'नेऊ नका' असे नाही. ज्याच्या तपासणीच्या कार्डावर 'एएस' लिहिले आहे तो फक्त वाहक असतो. त्याने प्रवासी विमानात बसायला हरकत नाही आणि त्याला विशेष काही करावेही लागत नाही. 'एसएस' रुग्णसुद्धा तब्येत स्थिर असेल, हायड्रॉक्सीयुरियासारखे औषध नियमित चालू असेल, तर साध्या प्रवासी विमानाने जाऊ शकतो. जगभर असे रुग्ण जातात. मात्र कळा येऊन गेल्या असतील तर निदान दहा दिवस विमान नको. नुकताच न्यूमोनियासारखा छातीचा त्रास झालेला, कधी पक्षाघाताचा झटका आलेला, पानथरी खूप वाढलेली, हिमोग्लोबिन नेहमीपेक्षा खाली गेलेले, अशांनी आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय तिकीटच काढू नये. आम्हीही त्या आईला आधी मुलीच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी हिमोग्लोबिन पाहिले, छाती तपासली, प्रवासास योग्य असल्याचा दाखला दिला आणि एकच गोष्ट दोनदा सांगितली : पाणी.

पाणी न पिण्याचे कारण

त्या दिवशी नेमके तेच चुकले. यात आमचीही चूक आहे.

विमानतळावर व्हीलचेअर मागितली होती. ती तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी कळवावी लागते, तसे मामाने कळवले होते. पण काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने मुलीकडे खालून वर पाहिले आणि म्हणाला, "ही तर चांगली चालते आहे. खुर्ची कशाला हवी?" मुलगी मान खाली घालून उभी राहिली. सिकलसेलचे हेच दुःख आहे. दुखत नसते तेव्हा दिसत काही नाही. शाळेत नाही, कामावर नाही, काउंटरवरही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचे नाव आहे. आईच्या पिशवीत मुलीचे दिव्यांग ओळखपत्र होते आणि डॉक्टरांचा दाखलाही. ते दोन्ही पुढे केल्यावर खुर्ची आली, पण पाऊण तासाने. तोवर ती उभीच होती.

त्यानंतर तिने पाणी प्यायचे नाही असे ठरवले. हे आम्हाला कळले दुपारी. रात्री नऊला जेवल्यावर तिने पाण्याचा घोट घेतला होता, तोच शेवटचा. पहाटे "वाटेत लागली तर कुठे जाणार" म्हणून नाही. विमानतळावर स्वच्छतागृह आहे, पण पुन्हा कुणाला तरी सांगून जावे लागेल म्हणून नाही. विमानात दोन अनोळखी माणसांच्या गुडघ्यांवरून उठून जावे लागेल म्हणून नाही. आमच्या ताईंनी वर असताना दोनदा पाणी पुढे केले. तिने बाटली तोंडाला लावली आणि परत दिली. आम्ही समजलो, प्याली.

वस्तीतल्या कुठल्याही बाईला विचारा, प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून ती पाणी तोडते. लहानपणी सार्वजनिक संडासाच्या रांगेपासून लागलेली ही सवय आहे आणि आया ती मुलींना न शिकवता शिकवतात. विमानातली हवा आधीच फार कोरडी असते. नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारइतकी कोरडी, फक्त थंड, त्यामुळे तहान लागत नाही. घाम येत नाही, घसा सुकतो, अंगातले पाणी श्वासावाटे जात राहते. त्यात वरून थेट अंगावर येणारा वारा. तिच्या अंगात पातळ पंजाबी ड्रेस होता, स्वेटर बॅगेत आणि बॅग विमानाच्या पोटात.

वर असताना तिला काही झाले नाही. खिडकीतून ती ढग पाहत होती. ९२ चा आकडा आमच्यासाठी काळजीचा होता, तिच्यासाठी नव्हता. कळ सुरू झाली ती माहीमजवळ टॅक्सीत. साडेअकरा वाजले होते, गाडी इंचाइंचाने सरकत होती. आधी गुडघे, मग मांड्या. ती काही बोलली नाही, फक्त आईचा हात घट्ट धरला. ताईंनी डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी दिली, वारा बंद करायला लावला, शाल गुंडाळली आणि अर्धा लिटर पाणी घोट घोट पाजले. दुपारी दोनला बाह्यरुग्ण विभागात नंबर होता. त्याऐवजी आम्ही अपघात विभागात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरणीने नाडी पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "काल रात्रीपासून किती पाणी प्यालीस?"

सलाइन लागले. संध्याकाळी सातपर्यंत कळा उतरल्या. तज्ज्ञांची भेट दुसऱ्या दिवसावर गेली.

म्हणून त्या आईला आमचे उत्तर असे आहे : बाई, विमानाच्या उंचीने नाही झाले. विमानाच्या आधीच्या आणि नंतरच्या तासांनी केले. सव्वा तासाच्या उंचीची भीती आम्ही चौघांनीही धरली होती आणि उरलेल्या पाच तासांकडे कुणी पाहिले नाही.

पुढच्या वेळेसाठी जे ठरले ते लिहून ठेवतो. आदल्या दिवसापासून नेहमीपेक्षा जास्त पाणी. रिकामी बाटली सोबत न्यायची. तपासणीच्या पलीकडे पिण्याच्या पाण्याचे नळ असतात, तिथे भरायची. आतल्या दुकानातली बाटली विकत घ्यायची गरज नाही, तिची किंमत पाहून तहान पळते. जागा कडेची मागायची, खिडकीची नको, म्हणजे उठताना कुणाची परवानगी लागत नाही. विमान कंपनीला सांगितले तर पाणी देतात, ते मागायला लाजायचे नाही. स्वेटर, पायमोजे, शाल हातातल्या पिशवीत. औषधे, दाखले, ताजे अहवालही हातातल्याच पिशवीत, कारण पोटातली बॅग एखादे वेळी दुसऱ्या शहरात पोचते. अर्ध्या तासाने पाय हलवायचे.

आणि तिकिटावर कोणता विमानतळ लिहिला आहे ते वाचायचे. आता नवी मुंबईलाही विमानतळ सुरू झाला आहे. तो उलव्याला, खाडीपलीकडे. तिथे उतरून परळला यायचे म्हणजे हिशेब पुन्हा वेगळा. जुन्या विमानतळावर टी-२ ला उतरलात आणि सामान थोडे असेल, तर तिथूनच भुयारी मेट्रो ३ मिळते, ती थेट दादरला आणते. आम्हाला हे माहीत होते, तरी बॅगांच्या भीतीने टॅक्सी केली आणि माहीमच्या गर्दीत अडकलो.

इतर आजारांसाठी

विहारात हा विषय निघाल्यावर आणखी बऱ्याच जणांनी विचारले, त्यांची उत्तरे देतो.

वर दाब कमी झाला की बंद जागेतली हवा फुगते, जवळपास तिसऱ्या हिश्श्याने. म्हणून पोटाचे साधे ऑपरेशन झाल्यावर चार-पाच दिवस, पोटाचे मोठे, छातीचे किंवा बायपासचे झाल्यावर निदान दहा दिवस विमान नको, आणि त्यानंतरही सर्जनने हो म्हटल्यावरच. हाडाला नवे प्लास्टर घातले असेल तर या दीड तासाच्या प्रवासालाही एक दिवस थांबावे, लांबच्या प्रवासाला दोन. आत सूज आली तर प्लास्टर पाय आवळते. डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशनमध्ये कधी कधी डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. तो जिरेपर्यंत विमानात बसणे म्हणजे डोळा गमावणे. मोतीबिंदूचे तसे नाही. सर्दीने नाक चोंदले असेल तर उतरताना कान फार दुखतो. आवंढे गिळावेत, लहान बाळाला त्या वेळी पाजावे.

इन्सुलिन पोटातल्या बॅगेत टाकू नये, तिथे ते गोठू शकते. चिठ्ठी आणि इन्सुलिन हातात ठेवा, सोबत खायला काहीतरी ठेवा, कारण पहाटेच्या विमानाला निघताना बहुतेक जण सुई घेतात आणि जेवण मात्र मुंबईत करतात. गरोदर बाईला ३२ आठवड्यांनंतर डॉक्टरांचा दाखला मागतात, ३६ नंतर बहुतेक कंपन्या घेतच नाहीत. क्षयरोगाच्या रुग्णाच्या थुंकीतून जंतू जात असतील तोवर त्याने विमानात बसू नये. त्याच्यासाठी नाही, शेजाऱ्यासाठी. घरचे ऑक्सिजन सिलिंडर विमानात नेता येत नाही. कुणाला वाटेत ऑक्सिजन लागणार असेल तर कंपनीचा वैद्यकीय अर्ज डॉक्टरांकडून भरून आधी मंजूर करून घ्यावा लागतो.

पाय सुजून शिरेत रक्ताची गाठ होण्याची भीती लोक विमानाशी जोडतात. ती भीती मुख्यतः चार तासांहून जास्त एका जागी बसण्याची आहे, वाहन कोणतेही असो. नागपूर-मुंबईच्या विमानात ती नगण्य आहे. रात्रभर बसून केलेल्या ट्रॅव्हल्सच्या प्रवासात ती जास्त आहे.

मग गाडीच बरी का? आमचे मत विचाराल तर, तब्येत स्थिर असेल आणि पक्का बर्थ असेल तर रात्रीची गाडी सिकलसेलच्या रुग्णाला वाईट नाही. तेरा-चौदा तास लागतात हे खरे, पण त्यातले आठ तास आडवे होऊन जातात. उंची नाही, पाणी आपल्या हातात, पांघरूण आपल्या हातात, उठायला कुणाला विचारावे लागत नाही. उपचारासाठी मान्यताप्राप्त रुग्णालयात जाणाऱ्या सिकलसेल रुग्णाला रेल्वे भाड्यात ५० टक्के सवलत देते. कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि एसी थ्री-टियरमध्ये पूर्ण भाडे माफ आहे. त्यासाठी रेल्वेच्या नमुन्यातला दाखला रुग्णालयाच्या सहीशिक्क्याने घेऊन तिकीट खिडकीवरून काढावे लागते. बर्थ मिळाला नाही, जनरल डब्यात बसून जावे लागणार असेल, तर मात्र विमान शंभर पटीने बरे. ऑपरेशननंतर थकलेल्या रुग्णाला, किंवा तारीख हुकली तर महिने जाणार असतील तेव्हाही विमान बरे. पैसा हा प्रश्न आहेच. मामासारखा मामा प्रत्येकाला नसतो.

प्रत्यारोपणाबद्दल तज्ज्ञांनी दुसऱ्या दिवशी तासभर समजावून सांगितले. भाऊ जुळतो ही मोठी गोष्ट आहे, आणखी काही तपासण्या करा, दोन महिन्यांनी भावाला घेऊन या, असे ते म्हणाले. परतीचा प्रवास गाडीने झाला. मुलगी खालच्या बर्थवर झोपली होती आणि आई दर स्टेशनाला तिला उठवून पाणी पाजत होती. भुसावळला मुलगी चिडली.

गेल्या रविवारी त्या दोघी पुन्हा विहारात भेटल्या. मामाने या खेपेला तीन तिकिटे पाठवली आहेत. आईने एक लिटरची बाटली घेतली आहे आणि तिच्यावर लेकीच्या जुन्या नेलपॉलिशने रेघा मारल्या आहेत : ५, ६.३०, ८, ९.३०, ११. मुलीची एकच तक्रार आहे. तिला कडेची जागा नको, खिडकीची हवी. आईने आम्हाला विचारले, खिडकीपाशी लेक, मधे लेकरू आणि कडेले मी, असं चालते का जी? चालते, असे आम्ही सांगितले आहे.